आधी ऐका, मग मत द्या!

आमच्या कॉलेजच्या फेस्टसाठी यंदा एक 'पोल' झाला. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर प्रश्न टाकला होता : 'गेल्या दहा-बारा वर्षांतला तुमचा सगळ्यात आवडता मराठी अल्बम कोणता?' प्रश्न साधा, सरळ आणि मराठीत. उत्तरं धडाधड आली. 'गुलाबी साडी', 'तांबडी चामडी', 'झिंगाट'... शेवटपर्यंत या तिघांमध्येच मारामारी चालली. लोकांनी एकमेकांची अक्कल काढली, दोघांनी रागाने ग्रुप सोडला, एकाने तर 'आपली संस्कृती' वगैरे जड शब्दही वापरले!

पण मंडळी, यातली गंमत कुणाच्या लक्षात आली का? या तिघांपैकी अल्बम एकही नाही! 'गुलाबी साडी' हे संजू राठोडचं २०२४ मधलं एक सुटं गाणं. 'तांबडी चामडी' हे क्रेटेक्स आणि श्रेयसचं, तेही २०२४ मधलंच आणि तेही सुटं. राहिलं 'झिंगाट', तर तो 'सैराट'च्या चार गाण्यांपैकी एक, म्हणजे पाव अल्बम. थोडक्यात काय, पेपरात 'निबंध लिहा' असं आलं होतं आणि आपण सगळे एकेक वाक्य लिहून बाहेर पडलो. वर त्या वाक्याला किती मार्क मिळावेत यावरून भांडलो!

तुम्ही म्हणाल, 'अगं, एवढं काय त्यात? गाणं काय नि अल्बम काय, आवडलं म्हणजे झालं!' पण मला वाटतं त्यात बरंच काही आहे. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

'अल्बम' हा शब्द मुळात वहीचा. आपण फोटो चिकटवायचो ना, तशीच वही. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटांचं संगीत मावायचं. रचना मोठी असली की ती चार-पाच तबकड्यांवर भरायची आणि त्या तबकड्या पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकायच्या. ती वही म्हणजे अल्बम. १९४८ साली 'लाँग प्ले' तबकडी आली, एकेका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावायला लागली. वही गेली, पण नाव राहिलं. पुढे कॅसेट आली, सीडी आली, आणि आता तर हातात धरायला काहीच उरलं नाही. तरी कल्पना तीच आहे. कुणीतरी ही गाणी एकत्र ठेवली आहेत, अमुक गाण्यानंतर तमुक ठेवलं आहे, आणि त्यामागे काहीतरी विचार आहे.

हाच प्रश्न मी आमच्या डोंबिवलीच्या घरी जेवताना विचारला. बाबा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "आयुष्यावर बोलू काही!"

"अहो बाबा, गेल्या दहा-बारा वर्षांतला विचारलाय. संदीप खरे, सलील कुलकर्णींचा तो कार्यक्रम २००३ सालचा. मी जन्मले पण नव्हते."

"मग काय झालं? वीस वर्षं झाली तरी लोक तिकीट काढून जातात ना ऐकायला?"

यावर काय बोलणार! आजीने मात्र शांतपणे 'कट्यार काळजात घुसली' असं उत्तर दिलं. मला वाटलं, ती १९६७ च्या नाटकाबद्दल बोलतेय. पंडित जितेंद्र अभिषेकींचं संगीत आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे, हे तिच्या तोंडून मी शंभरदा ऐकलंय. पण नाही! ती २०१५ च्या सिनेमाच्या अल्बमबद्दल बोलत होती. म्हणाली, "मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा नाकच मुरडलं होतं. परत एकदा सगळा ऐकला. जुनी पदं त्यांनी जपून हाताळलीत. शंकर-एहसान-लॉयनी नवीन घातली आहेत ती वेगळी वाटतात, पण परकी नाही वाटत. आणि तो महेश काळे... 'अरुणि किरणि'ला त्याला नॅशनल अवॉर्ड मिळालं ना, ते योग्यच झालं."

याला म्हणतात मत! सत्तरी ओलांडलेल्या बाईने स्वतःच्या आवडत्या नाटकाचा नवा अवतार सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोनदा ऐकला, काय जुनं आणि काय नवं हे वेगळं काढलं, आणि मग तोंड उघडलं. आमच्या पोलमधल्या किती जणांनी एवढं केलं असेल?

आता लगेच 'जुन्या पिढीचं सगळंच भारी आणि आपलं सगळं फालतू' असं म्हणायला मी हा लेख लिहीत नाहीये. जुन्या पिढीला पूर्ण अल्बम ऐकण्याचं फार मोठं व्यसन होतं अशातला भाग नाही. बाबा स्वतःच सांगतात, की कॅसेटमध्ये गाणं पुढे ढकलणं हेच एक काम होतं. बटण दाबून धरायचं, अंदाजाने सोडायचं, की पुढच्या गाण्याच्या मधोमध जाऊन पडायचं. पुन्हा मागे, पुन्हा पुढे, त्यात टेप अडकली तर पेन्सिल शोधा! त्यापेक्षा मुकाट्याने ऐकलेलं बरं. आणि मग व्हायचं काय, की पहिल्यांदा कंटाळवाणं वाटलेलं गाणं पाचव्यांदा ऐकताना आवडायला लागायचं. म्हणजे त्यांचा संयम निम्मा यंत्राने लादलेला होता. आपल्याकडचं यंत्र नेमकं उलटं काम करतं. पुढच्या गाण्याला जायला एक अंगठा पुरतो.

आपण इंजिनिअर (होऊ घातलेले का होईना!), म्हणून जरा आकडे बघू. स्पॉटिफायवर एखादं गाणं तीस सेकंद वाजलं की ते 'ऐकलं' असं धरतात. अमेरिकेत 'बिलबोर्ड'ने २०१४ च्या अखेरीला अल्बमच्या यादीत स्ट्रीमिंग मोजायला सुरुवात केली. तेव्हा त्यांनी हिशेब ठरवला, की अल्बममधली गाणी मिळून १५०० वेळा वाजली की एक अल्बम खपला असं समजायचं. पुढे हे आकडे बदलले, पण तत्त्व तेच राहिलं. आता गणित करा. एका अल्बममध्ये दहा गाणी आहेत. प्रत्येक गाणं दीडशे वेळा वाजलं, तर एक अल्बम. आणि एकच गाणं पंधराशे वेळा वाजलं, बाकीच्या नऊ गाण्यांना कुणी हातही लावला नाही, तरीही एकच अल्बम! कॅल्क्युलेटरला दोन्ही सारखेच. म्हणजे पूर्ण अल्बम एकाही माणसाने न ऐकता तो 'गाजलेला अल्बम' होऊ शकतो.

दुसरा नियम याहून खतरनाक आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर बारा महिन्यांत किमान हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला रॉयल्टीच मिळत नाही. अजय-अतुलना याने काही फरक पडत नाही. पण समजा कल्याणच्या एखाद्या पोराने आठ मराठी कवितांना चाली लावल्या, मित्रांना धरून रेकॉर्ड केल्या आणि अल्बम म्हणून टाकल्या. पहिलं गाणं नातेवाईकांच्या कृपेने हजार ओलांडेल. सातवं चारशेवर अडकेल. मग पुढच्या वेळी त्याने काय करावं? सरळ आहे, सातवं गाणं करूच नये! दुसरं, तिसरंही करू नये. एकच करावं, आणि त्यातही पहिल्या पंधरा सेकंदांत सगळा मसाला ओतावा. अल्बम कुणी बंदी घालून मारत नाही. आपण पहिलं गाणं ऐकून पुढे सटकतो, त्याने तो मरतो.

आता थोडं 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स'. (घाबरू नका, व्हायव्हा नाहीये!) सँपलिंग थिअरम आपण सगळ्यांनी पाठ केलाय. सिग्नलमधल्या सर्वांत मोठ्या फ्रिक्वेन्सीच्या दुपटीपेक्षा जास्त वेगाने सँपल घ्यायचे. कमी घेतले तर काय होतं? सिग्नल नुसता अपुरा मिळत नाही, तर चुकीचा मिळतो. मुळात नव्हताच असा एक वेगळाच सिग्नल दिसायला लागतो. यालाच 'अलायसिंग' म्हणतात. माझ्या मते रीलमधले पंधरा सेकंद ऐकून अल्बमबद्दल मत देणं म्हणजे शुद्ध अलायसिंग आहे.

'सैराट'चंच घ्या. २०१६ चा हा अल्बम ज्याने फक्त 'झिंगाट'वरून ओळखला, त्याला वाटतं की हा वरातीत नाचायचा अल्बम. प्रत्यक्षात याच अल्बमसाठी अजय-अतुल हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड करून आले होते. व्हायोलिनचे ते ताफे ऐकून झाल्यावर 'झिंगाट'चा दणका आला की कळतं, की हा दणका किती विचार करून दिलाय. किंवा २०२२ ची 'चंद्रमुखी' बघा. श्रेया घोषालची 'चंद्रा' कुठल्याही लग्नात, कुठल्याही गॅदरिंगला वाजते. पण त्याच अल्बममध्ये आर्या आंबेकरने गायलेली 'बाई गं' आहे, संथ, आर्जव करणारी. एक लावणी तुम्हाला खुर्चीवरून उठवते, दुसरी बसल्या जागी खिळवते. दोन्ही ऐकल्याशिवाय 'लावणी म्हणजे काय' हे अर्धंच कळतं, आणि अर्धं कळलेलं आपण पूर्ण समजून नाचत असतो.

हे सगळं मी आमच्या लेडीज डब्यातल्या ग्रुपला ऐकवलं, तर कल्याणहून येणारी माझी एक मैत्रीण माझ्यावर उसळलीच. म्हणाली, "ए बाई, तुझं बरंय! अल्बम काढायला पैसा लागतो, कंपनी लागते, ओळखी लागतात. जळगाव जिल्ह्यातून आलेल्या संजू राठोडला कुणी दारात तरी उभं केलं असतं का? एका गाण्यावर तो घराघरात पोचला. 'तांबडी चामडी' तर नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं. मराठी गाणं! तुझ्या त्या अल्बमवाल्यांच्या जमान्यात हे झालं असतं?"

तिचं म्हणणं खोडून काढणं सोपं नाही. जुनी दारं खरंच बंद होती. मराठी गाणी लावणं 'डाऊनमार्केट' दिसेल असं मुंबईतल्या एफएमवर एके काळी मानलं जायचं, आणि याच गोष्टीने अस्वस्थ होऊन कौशल इनामदारांनी २०१० साली सुरेश भटांच्या कवितेचं 'मराठी अभिमानगीत' केलं. शंभराहून जास्त गायक, शेकडो कोरस गाणारे, आणि खर्च लोकांच्या मदतीतून! थोडक्यात, श्रोत्यांना काय आवडतं हे तेव्हा श्रोत्यांना न विचारताच ठरत होतं. शिवाय सुटं गाणं म्हणजे हलकं, असंही नाही. आपल्या ठाण्यात राहिलेले जनकवी पी. सावळाराम, संगीतकार वसंत प्रभू आणि लताबाई या तिघांची भावगीतं आली ती त्या तीन मिनिटांच्या तबकड्यांवरूनच. ती सुटी होती म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही.

तेव्हा सुट्या गाण्यांशी माझं भांडण नाही. 'गुलाबी साडी'वर मीही नाचते, आणि छान नाचते! माझं म्हणणं इतकंच, की 'आवडतं गाणं कोणतं' आणि 'आवडता अल्बम कोणता' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर पाय देतात. दुसऱ्याचं द्यायला थोडा वेळ बसावं लागतं. पूर्वी एफएमवाले आपल्या वतीने मत देत होते, आता अल्गोरिदम देतो. एक मालक जाऊन दुसरा आला, याला दार उघडणं म्हणत नाहीत.

आणि माझ्यासारखीला याचं एवढं का वाटतं, तेही सांगते. मी कॉन्व्हेंटवाली. एकोणसत्तर की एकोणऐंशी, यात आजही माझी गाडी अडकते. मराठी पेपर वाचताना एखाद्या जोडाक्षरावर ब्रेक लागतो. शाळेत दिवसभर इंग्रजी, बिल्डिंगमध्ये खाली खेळायला हिंदी, आणि घरी जे मराठी, त्यात 'जेवलीस का' आणि 'चार्जर कुठाय' यापलीकडे किती शब्द लागतात? माझ्याकडे जे बरे मराठी शब्द आहेत, त्यातले निम्मे मला गाण्यांनी दिले. कोकणात गावी जाताना बाबा गाडीत अख्खे अल्बम लावायचे. 'निरागस' म्हणजे काय, 'मकरंद' म्हणजे काय, हे मी मागच्या सीटवर बसून आईला विचारलंय. हे शब्द काही सगळ्यात गाजलेल्या गाण्यांतच होते असं नाही. कितीतरी चौथ्या-पाचव्या गाण्यात लपलेले होते.

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये नाहीतर आमच्या डोंबिवलीत, माझ्यासारखी हजारो मुलं आहेत. आमचा मराठी साहित्याशी संबंध दहावीच्या पेपरपुरता. कविता आमच्यापर्यंत पोचते ती फक्त गाण्यातून. आणि गाण्यातून जर फक्त 'हुक लाईन' पोचणार असेल, तर वर्षाला चार-पाच शब्द मिळाले, संपलं! दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर किंवा तलावपाळीला जाऊन बघा. नऊवारी, फेटे, नथी, फोटोच फोटो. दिसायला सगळं कसं अस्सल मराठी! आणि स्पीकरवर आलटून पालटून तीच ती ठरलेली गाणी. मला ती गर्दी आवडते, मीही त्यात असते. पण भाषा जर फक्त सणाला लावायचं स्टिकर होणार असेल, तर ते निघायलाही वेळ लागत नाही.

बरं, दुसऱ्यांना एवढं ऐकवल्यावर स्वतःचं मत द्यायलाच हवं. माझं मत २०२२ च्या 'मी वसंतराव'ला. वसंतराव देशपांड्यांच्या आयुष्यावरचा सिनेमा. त्यात भूमिका, संगीत आणि बरंचसं गाणं त्यांच्या नातवाचं, राहुल देशपांडेंचं. त्यांना याच सिनेमासाठी सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचं नॅशनल अवॉर्डही मिळालं. पण अवॉर्ड मिळालं म्हणून मी मत देत नाहीये. हा अल्बम सलग ऐकला की एक माणूस वाढताना ऐकू येतो. नाट्यसंगीतापासून लावणीपर्यंत सगळं काही त्या गळ्यातून जातं, आणि शेवटाकडे येताना तो गळा कुणासारखा नाही तर स्वतःसारखा गायला लागतो. हे एका गाण्यात कळूच शकत नाही. तक्रारी आहेतच. अल्बम लांब आहे, आणि त्यातल्या एक-दोन चिजा माझ्या डोक्यावरून जातात. पण कुठल्या चिजा डोक्यावरून जातात ते मी सांगू शकते! 'सैराट'ला माझ्याकडे दुसरा नंबर. 'कट्यार'ला तिसरा दिला म्हणून आजी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही, पण चालायचंच.

पुढच्या फेस्टच्या कमिटीला माझी एक नम्र सूचना आहे. पोल जरूर घ्या, पण एक अट घाला. जो मत देईल त्याने त्याच अल्बममधलं असं एक गाणं सांगावं, ज्यावर त्याने आजवर एकही रील पाहिलेलं नाही, आणि ते आवडलं की नाही हे एका वाक्यात लिहावं. बस्स! मतं कमी येतील, पण जी येतील ती मतं असतील.

'वेळ कुठे आहे?' असं मात्र कुणी म्हणू नका. वेळ मध्य रेल्वेने आपल्याला भरपूर दिलाय! डोंबिवलीहून फास्ट पकडली तर ठाण्यापर्यंत साधारण वीस मिनिटं, आणि 'सैराट'ची चारही गाणी मिळून साधारण तेवढीच होतात. कल्याणहून सीएसएमटी गाठायची असेल तर तासाभरात आख्खी 'चंद्रमुखी' ऐकून होईल. गाडी रखडली तर 'मी वसंतराव' लावा. फक्त गाणी दिलेल्या क्रमाने ऐका आणि अंगठा खिशात ठेवा.

मग या, मनसोक्त भांडूया! माझं मत साफ चुकीचं आहे असं तुम्ही मला पटवून दिलंत तरी चालेल, अट एकच, तुम्ही शेवटचं गाणंही ऐकलेलं असलं पाहिजे. आणि हो, ऐकताना हेडफोन लावा बरं का! डब्यात नाईट शिफ्ट करून झोपलेल्यांचंही संगीताबद्दल काही मत असतं, आणि ते छापण्यासारखं नसतं!